उंबऱ्याची जागा

खट्. फाटकाची कडी पडली आणि दुपारची शांतता मधोमध तडकली. मी लिहिता लिहिता थांबले. वारा असेल. पण वाऱ्याने वाजणारी कडी मला ओळखता येते, आधी ती कुरकुरते आणि मग आपटते. ही नुसतीच खट् झाली होती, कुणीतरी नीट हाताने लावावी तशी. तरीही मी वाक्य पुरं करायला घेतलं. ‘अंगणाचा मोकळा कोपरा स्वयंपाकघराला जोडून घ्या’ असं ते वाक्य होतं, आणि ‘जोडून घ्या’ बरं की ‘सामावून घ्या’ बरं, यावर माझं घोडं अडलं होतं. माझी छोटी खारू झोपली की आई जरा पडते, आई पडली की मी टेबलाशी बसते. आम्हा तिघींची दुपार अशी एकमेकींवर पत्त्यांसारखी रचलेली असते, आणि सगळ्यात वरचं पान मी. म्हणून मी मान वळवली नाही. वळवली असती तर पडली असती सगळी दुपार. कडी वाजली म्हणजे कुणीतरी आलं, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं. टपालवाला, शेजारीण, कुणीही. कुणीतरी गेलं असेल, हे मनात यायला एक आख्खं वाक्य जावं लागलं.

आईचा पलंग रिकामा होता. चादरीची घडी घातलेली, काठाला काठ जुळवून, जन्मभर लोकांचे पडदे शिवलेल्या हातांनीच घालावी तशी. न्हाणीघर बघितलं. तिथे भिंतीला मी नवा लावून घेतलेला धरायचा दांडा चकचकत होता. कपाटामागे बघितलं, जसं काही माझी आई कपाटामागे मावते. मग मागचं काचेचं सरकतं दार दिसलं, हातभर उघडं. हे दार घेताना मी दुकानदाराला दहादा सरकवून दाखवायला लावलं होतं. आवाज नको, मुलीची झोप सावध आहे, म्हणाले होते. लोण्यात सुरी फिरावी तसं सरकतं, असं मी माझ्या सदरातही लिहिलं होतं. आठवड्याच्या पुरवणीत कोपऱ्यात येतं माझं सदर, घर आणि अंगण सोप्या उपायांनी कसं सुधारावं याचं. खिडकीसमोर आरसा लावा, खोली उजळते. जुन्या डब्यांना रंग द्या, कुंड्या होतात. ‘वाचकाने आज वाचलं की उद्या करता आलं पाहिजे,’ असं संपादकबाई म्हणतात. मी तर लिहायच्या आधीच करून बसले होते.

संध्याकाळी दादा येणार होता, आणि आज आईचं काय ते ठरवून जाणार होता.

मी फाटकापर्यंत धावले आणि परत फिरले, कारण खारू आत एकटी झोपलेली. परत दारापर्यंत आले आणि पुन्हा फाटकाकडे बघितलं. त्या एवढ्याशा अंगणात मी भोवऱ्यासारखी गरगरत होते. आईच्या मागे जावं तर लेक उठेल, उघड्या दारातून तीही चालायला लागेल. लेकीपाशी थांबावं तर आई कोपऱ्यावर वळेल, आणि कोपऱ्यापलीकडे मोठा रस्ता आहे. शेवटी आत जाऊन खारूला तशीच उचलली. झोपेतलं मूल एरवीपेक्षा जड लागतं. तिच्या मानेचा घाम माझ्या गळ्याला लागला, एक पाय माझ्या कमरेशी लोंबत राहिला. पळता पळता माझं पाऊल दाराशी एकदम वर उचललं गेलं आणि रिकाम्या हवेतून दाणकन खाली आलं. जीभ चावली गेली. उंबरा तिथे नव्हता. मीच काढून टाकला होता.

काळ्या दगडाचा होता तो उंबरा, दोन बोटं उंच, मधे पावलांनी गुळगुळीत झालेला. आमचं पुढचं दार अंधाऱ्या जिन्यात उघडतं, त्यामुळे सगळी ये-जा मागच्या दारानेच, अंगणातून, फाटकातून गल्लीत. खारू झाली तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली ती राहिलीच, आणि पहिल्या दिवसापासून तिचा त्या उंबऱ्याशी एक करार होता. त्याच्यापाशी यायचं. थांबायचं. घरातल्या कापडी सपाता अलीकडे काढायच्या, पलीकडच्या चपला पायात सरकवायच्या, चौकटीला हात लावायचा, मान वळवून आत म्हणायचं, ‘येते गं.’ बाजारात जाताना तर म्हणायचीच, पण अंगणात कपडे वाळत घालायला जातानाही म्हणायची. माझा नवरा तिची फिरकी घ्यायचा. ‘आई, दोरीपर्यंतच निघालाय ना? की विमानाचं तिकीट काढलंय?’ ती चिमटे तोंडात धरून हसायची, मग चिमटे काढून म्हणायची, ‘जावईबापू, सांगून गेलेलं माणूस शोधावं लागत नाही.’

गल्लीत कुणी नव्हतं. दोन्हीकडे दुपारची बंद दारं. कुठल्या बाजूला? उजवीकडे मोठा रस्ता म्हणून मी उजवीकडे वळले. जिकडे भीती जास्त तिकडे पाय आपोआप जातात. ‘आई!’ अशी हाक मारली तर खारू झोपेतच ‘आई?’ म्हणाली, आणि मला रडू यायला लागलं, कारण तो शब्द माझ्या घरात दोघींचा आहे, एकीला मारावा तर दुसरीला लागतो.

विसरणं हळूहळू आलं होतं. आधी शब्द गेले. फ्रिजला ‘ते थंड कपाट’ म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो, तीही हसायची, इतका तो शब्द नेमका होता. मग गॅस बंद करणं गेलं. मग एकदा खारूचे केस विंचरता विंचरता आईने तिला विचारलं, ‘बाळ, तुझी आई कुठे असते गं?’ मी समोरच भाजी निवडत होते. खारूला तो खेळ वाटला, तिने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि आईने माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी पडद्याचं माप घ्यायला गेल्यावर ती घराच्या मालकिणीकडे बघायची. आदराने, जरा लांबून. पण उंबऱ्याशी ती कधी चुकली नाही. डोक्यातलं गेलं तरी पायातलं शाबूत होतं.

आणि मग एका सकाळी हातात ओल्या कपड्यांची बादली असताना ती त्याच उंबऱ्याला अडखळली. हनुवटीला टाके पडले. दादा धावत आला. माझा मोठा भाऊ, मोठेपणाने लवकर वाकलेला, बोलायच्या आधी चष्मा पुसणारा. ‘आज हनुवटी फुटली, उद्या खुबा मोडेल,’ तो म्हणाला. त्याने आधीच एक जागा बघून ठेवली होती, गावाबाहेर, म्हाताऱ्या माणसांची. ‘बाग आहे. रात्रंदिवस नर्स असते. आणि सगळं सपाट आहे गं, कुठे पायरी नाही का उंबरा नाही.’ बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं, पण तो ‘सपाट’ शब्द अडकून बसला. ‘एवढंच ना? सपाट तर मीही करू शकते,’ मी म्हणाले. ‘मला थोडे दिवस दे. मी घर तिच्याजोगतं करते. मग येऊन बघ.’ दादाने चष्मा पुसला. ‘घराचा प्रश्न नाहीये गं,’ असं काहीतरी तो पुटपुटला होता. पण माझ्या डोक्यात तोवर फरशी बसायला लागली होती.

कोपरा आला. आणि मोठा रस्ता, आणि त्यावर एकापाठोपाठ जाणारी वाहनं, आणि पलीकडचा फुटपाथ. रस्त्यावर आई नव्हती. कुठे गर्दीही जमलेली नव्हती, हे मी आधी बघितलं. गर्दी नाही म्हणजे अजून काही झालेलं नाही. मी उलटी फिरले. खारू आता जागी झाली होती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. ‘आपण खेळतोय?’ तिने विचारलं. ‘हो.’ ‘काय?’ ‘लपाछपी.’ ‘कोण लपलंय?’ ‘आजी.’ ती खुशीत आली, तिने पाय झाडायला सुरुवात केली. माझ्या घरासमोरून पुन्हा जाताना मला आमचं अंगण दिसलं, फाटकातून, परक्यासारखं. किती छान दिसत होतं. आत आणि बाहेर एकच फिकट फरशी, मधे काही नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून फाटकापर्यंत नजर सरळ घरंगळत येत होती. ‘आत-बाहेर एक करा, घर दुप्पट मोठं वाटेल.’ माझंच वाक्य. मिस्त्रीलाही मी तेच ऐकवलं होतं. तो गमत्या होता, छिन्नी लावता लावता म्हणाला, ‘ताई, दुप्पट झालं तर मजुरी पण दुप्पट लावू का?’ दगड निघाला तेव्हा खालची ओली माती दिसली, आणि त्या खाचेत खारू उभी राहिली. एक पाय इकडे, एक तिकडे. ‘आई, मी आता आत आहे का बाहेर?’ मी हसून सांगितलं, ‘अलीकडे आलीस की आत, पलीकडे गेलीस की बाहेर. आणि मधे उभी राहिलीस तर मिस्त्रीकाकांच्या पायात.’ तो खेळ तिने दिवसभर खेळला. नवरा संध्याकाळी आला, बूट कुठे काढायचे ते त्याला कळेना. ‘आपल्याकडे सपाटीकरण खातं उघडलंय वाटतं,’ म्हणाला.

काढलेला दगड मी टाकला नाही. टाकाऊतून टिकाऊ. भिंतीलगत दोन विटांवर ठेवला, वर कुंड्या मांडल्या. टेबलाचे कोपरे गोल करून घेतले, बोळात पिवळा दिवा लावला, दाराशी असलेलं गडद पायपुसणं उचललं, कारण आईला तो खड्डा वाटायचा. फोटो काढून दादाला पाठवला. ‘वा! मासिकातलं घर,’ त्याचं उत्तर आलं. त्या रात्री मी पाठ टेकली ती मोठ्या समाधानाने.

पण आईचं पाऊल. ती दाराशी यायची आणि पाय उचलायची, त्या नसलेल्या दगडावरून, चांगला उंच, आणि तो पलीकडे अपेक्षेपेक्षा खाली जाऊन पडायचा. गुडघ्यातून मानेपर्यंत तिला हिसका बसायचा. ती खाली बघायची. पायाने चाचपायची. कुणीतरी मुठीतलं काहीतरी काढून घेतलंय आणि काय ते आठवत नाही, असा चेहरा व्हायचा तिचा. खारू तिच्यामागे तसंच पाय उंच करून चालायची. मी म्हणत राहिले, होईल सवय. आणि खरंच झाली. एक दिवस पाऊल उचललं गेलं नाही. आई स्वयंपाकघरातून अंगणात पाण्यासारखी वाहत गेली. मी दादाला फोन करून सांगितलं, ‘झाली बरं का सवय!’ इतका आनंद झाला होता मला. आणि त्या दिवसापासून तिचं ‘येते गं’ही बंद झालं होतं, हे मला कळलं ते आज, आत्ता, खारूला खांद्यावर घेऊन गल्लीत धावताना. थांबायला जागाच राहिली नव्हती. मग म्हणणार कुठे?

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका घराचं काम चाललंय. वाळूचा ढीग, विटा, दारं-खिडक्यांच्या नुसत्या चौकटी. तिथे आई होती. एका खिडकीच्या रिकाम्या चौकटीवर वीत टाकून माप घेत होती, अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. ओठ हलत होते. आत विटांवर बसून डबा खाणारे दोन मजूर तिच्याकडे गमतीने बघत होते. ‘सापडली!’ खारू ओरडली. आईने वळून बघितलं. तिच्या पायात घरातल्या कापडी सपाता होत्या, वाळूने माखलेल्या. मी तिचा दंड धरला, नको इतका घट्ट. आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हरवल्याची खूणसुद्धा नव्हती. ती कौतुकाने इकडेतिकडे बघत होती, गल्लीकडे, बंद दारांकडे, वरच्या आभाळाकडे.

‘किती मोठं केलंस गं घर!’ ती म्हणाली. ‘चालता चालता पाय दुखले. आणि पडदे कधी लावायचे एवढ्या खिडक्यांना?’

आम्ही परत आलो. घरी पोचेस्तोवर ती मला कुठल्या खोलीला कुठला रंग शोभेल ते सांगत होती. मी हो हो म्हणत होते. आत आल्यावर तिला पाणी दिलं, खारूला बिस्किट दिलं, फाटकाला कुलूप लावलं आणि मग ते कुलूप बघून मलाच कसंतरी झालं. मासिकातल्या घराला कुलूप शोभत नव्हतं. भिंतीपाशी गेले. कुंड्या खाली उतरवल्या. काळा दगड दोन्ही हातांनी ओढत दारापर्यंत आणला, नव्या फरशीवर त्याचा लांब पांढरा ओरखडा उठला. ठेवला. तो डुगडुगत होता. खाली आता खाच नव्हती, नुसती गुळगुळीत फरशी होती, पाय लागला असता तर दगडासकट माणूस गेलं असतं. परत ओढून नेला. मग खणातली काळी चिकटपट्टी आठवली, वायरींना गुंडाळतात ती. गुडघ्यांवर बसून मी ती उंबऱ्याच्या जागी चिकटवली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकावर एक, चांगली रुंद. खारू शेजारी बसून विचारत होती, ‘हे रस्ता आहे?’ ‘नाही, उंबरा आहे.’ ‘खोटाखोटा?’ ‘गप बस ना गं जरा.’ तिचं तोंड एवढंसं झालं. मी तिला जवळ ओढलं, केसांना बिस्किटाचा वास येत होता. सोप्या उपायांत हा कधी लिहिला नव्हता मी. आज वाचला की उद्या करता येण्याजोगा होता.

दादा आला तेव्हा उजेड मऊ झाला होता. कुलूप बघून तो फाटकाशी क्षणभर थांबला, मी ते उघडलं तसा आत आला. घरभर फिरला. न्हाणीघरातला दांडा ओढून बघितला. ‘पक्का आहे,’ म्हणाला. मी त्याच्यामागून फिरत होते, घर भाड्याने द्यायला निघालेल्या बाईसारखी, हे बघ, ते बघ. दुपारचं मी सांगणार नव्हते. ठरवलं होतं. आई खुर्चीत बसली होती, खारूच्या फ्रॉकची शिवण नखाने तपासत. दादा तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या हनुवटीवरचा व्रण अंगठ्याने पुसावा तसा त्याने हळूच चाचपला.

‘काय मग? आवडलं का लेकीने केलेलं घर?’

‘फार मोठं केलंय,’ आई म्हणाली. ‘पार त्या टोकापर्यंत. तिकडच्या खोल्यांना अजून छप्पर नाही.’

दादा हसला. मग खाली त्याच्याच नजरेसमोर असलेल्या सपातांकडे त्याचं लक्ष गेलं. मी पाणी दिलं होतं, बिस्किट दिलं होतं, कुलूप लावलं होतं, पट्टी चिकटवली होती. सपाता झटकल्या नव्हत्या. त्याने एक बोट फिरवलं, बोटावर वाळू आली. त्याने माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसला नाही.

‘कधी?’

‘अरे, कोपऱ्यापर्यंतच. सापडली लगेच.’

‘सापडली,’ तो म्हणाला. नुसतंच.

खारू म्हणाली, ‘मामा, आम्ही लपाछपी खेळलो. आई रडली.’

तो उठला. आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ‘आपण आईला घेऊन ती जागा बघून येऊ. नुसती बघू. दोन कपडे पिशवीत टाक, तिला राहावंसं वाटलं तर असावेत.’ ‘आज नको दादा.’ ‘मग कधी? गाडीखाली आल्यावर?’ म्हणाला आणि त्याचं त्यालाच ते सोसलं नाही, तो फरशीवरच्या ओरखड्याकडे बघत राहिला. ‘तू खूप केलंस,’ तो म्हणाला. ‘खूप छान केलंस.’ त्या ‘छान’शी कसं भांडायचं? मी पिशवी भरली नाही. पण नकोही म्हणाले नाही. मी उभी राहिले, आणि दादाने आईचा हात धरून तिला उठवलं. ‘चल आई, जरा बाहेर जाऊन येऊ.’ आई लगेच उठली. बाहेर म्हणजे काय, हे तिला आता कोण सांगणार होतं?

तो पुढे, ती मागे. तो काळी पट्टी ओलांडून अंगणात गेला, त्याला ती दिसलीही नसावी. आई पट्टीपाशी आली आणि थांबली.

किती दिवसांनी थांबली होती. तिने खाली बघितलं. पायातल्या सपाता एकेक करून काढल्या, अलीकडे, जोडीने ठेवल्या. पाऊल उचललं, उंच, पूर्वीसारखं. एक हात चौकट शोधायला बाजूला गेला. तिथे काच होती, हात घसरला, तरी तिने तोल सावरला. आणि पाय तसाच हवेत ठेवून तिने मान माझ्याकडे वळवली.

‘इथे काहीतरी म्हणायचं असतं ना गं?’

तो शब्द माझ्या जिभेवर होता. दुपारी जीभ चावली होती तिथेच ठणकत होता. सांगितला असता तर तिने तो म्हटला असता, खुशीने म्हटला असता, आणि मग पाऊल पलीकडे पडलं असतं. नाही सांगितला तर ती अशीच राहणार, एका पायावर, म्हातारी, हलकी, डुगडुगत. पलीकडून दादाने तिला धरायला हात पुढे केला. अलीकडून मी केला. दोघांचेही हात तिच्यापर्यंत पोचत नव्हते, दोघांपैकी कुणीच एक पाऊल पुढे टाकत नव्हतं. आई मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी शहाण्या मुलीसारखी, मी सांगेन म्हणून.

खारूने माझा हात हलवला.

‘आई,’ तिने विचारलं, ‘आजी आता आत आहे का बाहेर?’